लॅपटॉपची बायोस चिप पुन्हा लिहिण्यासाठी भरवशाची अवजारे कशी निवडावीत

लॅपटॉपचे बटण दाबल्यावर सर्वांत आधी जो प्रोग्रॅम (म्हणजे बायोस) चालतो तो हार्ड डिस्कवर किंवा एसएसडीवर नसतो. मदरबोर्डवरच्या, करंगळीच्या नखाएवढ्या, आठ पायांच्या एका आयसीत तो लिहिलेला असतो. दुरुस्तीच्या दुकानांत तिला सरळ ‘बायोस आयसी’ म्हणतात. बायोस अपडेट होत असताना वीज गेली आणि लॅपटॉप उठेनासा झाला, किंवा कंपनीच्या बायोसऐवजी कोअरबूट अथवा लिब्रेबूट हे मुक्त पर्याय घालायचे ठरवले, तर पुष्कळदा ही आयसी बाहेरून, स्वतंत्र प्रोग्रामर (चिप वाचणारे आणि लिहिणारे छोटे उपकरण) जोडूनच लिहावी लागते. काम फार अवघड नाही, पण त्यात चुकीला जागा कमी असते, आणि बहुतेक चुका हातून नव्हे तर अवजारामुळे होतात. म्हणून या लेखात लिहिण्याच्या कृतीपेक्षा अवजारांच्या निवडीवर अधिक भर दिला आहे. माझे मत सुरुवातीलाच नोंदवतो: पैसे जपून वापरायचे असतील तर ते प्रोग्रामरवर वाचवा, क्लिपवर (प्रोग्रामरच्या तारा चिपच्या पायांना धरून ठेवणाऱ्या चिमट्यावर) वाचवू नका, आणि व्होल्टेजची खात्री स्वतः मोजून झाल्याशिवाय कोणतीही तार चिपला लावू नका.

उदाहरणादाखल मी थिंकपॅड एक्स२३० समोर ठेवतो. २०१२ सालचा हा लॅपटॉप जुन्या बाजारात अजून सहज मिळतो, त्याची बॅटरी बाहेरून काढता येते, आणि कीबोर्ड व हात टेकायची पट्टी काढली की बायोसच्या दोन्ही चिपा समोर दिसतात. होय, दोन: स्क्रीनच्या बाजूची चिप ४ एमबीची आहे आणि आपल्या बाजूची ८ एमबीची. बायोसचा मुख्य भाग ४ एमबीच्या चिपमध्ये आहे; इंटेलचे मॅनेजमेंट इंजिन (इंटेलचा स्वतःचा नियंत्रक प्रोग्रॅम), नेटवर्क कार्डाचा पत्ता आणि संपूर्ण मांडणीचा नकाशा असलेला डिस्क्रिप्टर ८ एमबीच्या चिपमध्ये आहे. दोन्ही चिपा सारख्याच दिसतात, त्यामुळे कोणती कोणती आहे हे आधी कागदावर लिहून ठेवणे हेसुद्धा कामाचाच एक भाग समजावे.

आधी चिप वाचा, मग अवजार घ्या

पुष्कळ जण प्रोग्रामर मागवतात आणि मग लॅपटॉप उघडतात. क्रम उलटा हवा. आधी लॅपटॉप उघडावा, चिपवर कोरलेली अक्षरे भिंगाखाली वाचावीत, आणि त्या नावाची डेटाशीट (कंपनीचे माहितीपत्रक) काढून तीन गोष्टी टिपाव्यात: व्होल्टेज किती, क्षमता किती आणि बांधणी कोणती.

यांपैकी व्होल्टेज सर्वांत महत्त्वाचे. जुन्या लॅपटॉपमधल्या बहुतेक चिपा ३.३ व्होल्टच्या असतात. नव्या, पातळ लॅपटॉपमध्ये १.८ व्होल्टच्या चिपा बऱ्याच आढळतात. दोन्ही बाहेरून तंतोतंत सारख्या असतात आणि फरक नावातल्या एखाद्या अक्षराचा असतो. विनबाँडची डब्ल्यू२५क्यू६४एफव्ही ही २.७ ते ३.६ व्होल्टवर चालणारी आहे, तर डब्ल्यू२५क्यू६४एफडब्ल्यू ही १.६५ ते १.९५ व्होल्टची. मॅक्रोनिक्सच्या नावात एमएक्स२५ नंतर ‘एल’ असेल तर ती ३ व्होल्टच्या घराण्यातली आणि ‘यू’ असेल तर १.८ व्होल्टची. गिगाडिव्हाइसच्या जीडी२५क्यू आणि जीडी२५एलक्यू या दोन मालिकांतही असाच भेद आहे. तिथे ‘एलक्यू’ १.८ व्होल्टची असते. ही अक्षरे फार बारीक आणि फिकट असतात. चिपवर टॉर्च आडवी धरून पाहिल्यास ती उठून दिसतात. तरीही स्पष्ट वाचता आली नाहीत तर मोबाइलने जवळून फोटो काढून तो मोठा करून पाहावा. अंदाजाने पुढे जाऊ नये.

हे मी आग्रहाने का सांगतो, त्यामागे एक प्रसंग आहे. माझा भाचा एकदा आपला पातळ लॅपटॉप आणि एका दुकानातून घेतलेला काळा प्रोग्रामर घेऊन माझ्याकडे आला. “मामा, चिप ओळखली जातेय, पण दर वेळी वेगळंच नाव येतंय,” तो म्हणाला. मी चिपवर बोट टेकवले तर ती चटका बसण्याइतकी तापलेली होती. भिंगाखाली पाहिले, नावाच्या शेवटी ‘एफडब्ल्यू’. १.८ व्होल्टची ती चिप त्याने जवळजवळ अर्धा तास चुकीच्या व्होल्टेजवर ठेवली होती. चिप गेली, आणि मूळ मजकुराची प्रत घेतलेली नसल्यामुळे तिच्याबरोबर त्या लॅपटॉपचा सीरियल नंबर आणि नेटवर्कचा पत्ताही गेला. नवी चिप लावून लॅपटॉप पुन्हा सुरू झाला खरा, पण त्यासाठी दोन आठवडे गेले. त्या मुलाचा निष्काळजीपणा नव्हता. प्रोग्रामरसोबत मिळालेल्या कागदावर व्होल्टेजबद्दल एक ओळही नव्हती.

बांधणीचे म्हणाल तर सर्वांत सोयीची एसओआयसी-८. तिचे पाय दोन्ही बाजूंना बाहेर आलेले असतात, दोन पायांतले अंतर १.२७ मिलिमीटर असते आणि तिच्यावर क्लिप बसते. काही लॅपटॉपमध्ये सोळा पायांची एसओआयसी-१६ असते. तिला क्लिपही सोळाचीच लागते. डब्ल्यूएसओएन-८ या बांधणीत मात्र पाय बाहेर येतच नाहीत, संपर्काच्या चकत्या चिपच्या पोटाखाली असतात, आणि कोणतीही क्लिप तिला धरू शकत नाही. हे आधी कळले तर चुकीच्या क्लिपवरचा खर्च वाचतो.

प्रोग्रामर

भारतात सर्वांत स्वस्त आणि सहज मिळणारा प्रोग्रामर म्हणजे सीएच३४१ए या आयसीवर बांधलेला छोटा काळा बोर्ड. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत बायोस प्रोग्रामर मागितला की बहुधा हाच हातात ठेवला जातो. सीएच३४१ए ही आयसी स्वतः वाईट नाही. अडचण त्या काळ्या बोर्डाच्या जुन्या आराखड्यात आहे, आणि ती नीट समजून घेण्यासारखी आहे.

यूएसबीतून ५ व्होल्ट येतात. बोर्डावर ३.३ व्होल्टचा एक रेग्युलेटर आहे आणि त्यातून बाहेर पडणारी वीज सॉकेटच्या (चिप किंवा क्लिप लावायच्या जागेच्या) वीजपुरवठ्याच्या पायाला जोडलेली आहे. त्यामुळे मल्टिमीटर त्या पायाला लावला तर ३.३ व्होल्ट दिसतात आणि सगळे ठीक असल्याचा समज होतो. पण सीएच३४१ए स्वतः थेट ५ व्होल्टवर चालते, आणि आयसी ज्या व्होल्टेजवर चालते तेच तिच्या डेटाच्या, क्लॉकच्या (डेटाची लय ठरवणाऱ्या संकेताच्या) आणि चिप निवडणाऱ्या तारांवर बाहेर पडते. म्हणजे बायोस चिपला वीज ३.३ व्होल्टची मिळते आणि संकेत ५ व्होल्टचे. डब्ल्यू२५क्यू६४एफव्हीच्या डेटाशीटनुसार कोणत्याही पायावरचे व्होल्टेज वीजपुरवठ्यापेक्षा ०.४ व्होल्टहून अधिक वाढता कामा नये. म्हणजे इथे मर्यादा ३.७ व्होल्ट. अनेक चिपा हा मारा सहन करतात, म्हणून ‘माझे काम तर झाले’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात. पण चिप मदरबोर्डवर बसलेली असताना त्याच तारा चिपसेटलाही (मदरबोर्डवरच्या मुख्य नियंत्रक आयसीलाही) जोडलेल्या असतात, आणि चिपसेट हा बदलता येण्याजोगा भाग नाही.

तपासणी सोपी आहे. बोर्ड यूएसबीला जोडावा, सॉकेट रिकामे ठेवावे, आणि सीएच३४१एच्या २८ क्रमांकाच्या पायावर ग्राउंडच्या तुलनेत व्होल्टेज मोजावे. ५ व्होल्ट आले तर तारांवरही ५ आहेत, ३.३ आले तर बोर्ड वापरण्याजोगा आहे. सोल्डरिंगचा सराव असेल तर ५ व्होल्टचा बोर्ड सुधारताही येतो: २८ क्रमांकाचा पाय हलकेच उचलून ५ व्होल्टपासून सोडवावा आणि तो व ९ क्रमांकाचा पाय दोन्ही रेग्युलेटरच्या ३.३ व्होल्टला जोडावेत. आयसी ३.३ व्होल्टवर चालवण्यासाठी ९ क्रमांकाचा पाय अशा रीतीने जोडणे आवश्यकच असते. दुरुस्तीनंतर पुन्हा मोजावे. ज्यांना इतके करायचे नाही त्यांनी व्होल्टेज निवडण्याची कळ असलेला नवा बोर्ड घ्यावा. पण कळ आहे म्हणून ती काम करते असे गृहीत न धरता तोही मोजूनच वापरावा. ‘३.३’ असे छापलेले आहे एवढ्यावर विसंबू नये.

माझी स्वतःची पसंती मात्र रास्पबेरी पाय पिकोला आहे. जानेवारी २०२१मध्ये चार डॉलरला आलेला हा छोटा बोर्ड आरपी२०४० या आयसीवर चालतो, आणि त्याचे संकेतांचे सर्व पाय मुळातच ३.३ व्होल्टचे आहेत. त्यामुळे वर सांगितलेला धोका तिथे उद्भवतच नाही. पिकोवर ‘पिको-सर्प्रॉग’ हे फर्मवेअर (बोर्डावर चालणारा प्रोग्रॅम) टाकले की तो फ्लॅशरॉमला, म्हणजे चिपा वाचण्या-लिहिण्यासाठीच्या संगणकावरच्या प्रोग्रॅमला, समजणारा प्रोग्रामर होतो. टाकण्याची पद्धतही सोपी आहे: बोर्डावरचे बूटसेल बटण दाबून धरून यूएसबी जोडावी, संगणकावर पेन ड्राइव्हसारखी एक ड्राइव्ह दिसते, तिच्यात यूएफ२ फाइल टाकावी. क्लॉक जीपी२ वर, चिपकडे जाणारा डेटा जीपी३ वर, चिपकडून येणारा जीपी४ वर आणि चिप निवडीची तार जीपी५ वर जोडायची असते. वीज ३६ क्रमांकाच्या ३.३ व्होल्टच्या पायावरून घ्यायची, ४० क्रमांकाच्या पायावरून कधीही नाही, कारण तिथे यूएसबीचे ५ व्होल्ट असतात. बोर्ड घेताना पायांना पिनांच्या पट्ट्या आधीच सोल्डर केलेला घ्यावा, म्हणजे जम्पर वायर थेट बसतात. पिकोचा आणखी एक गुण असा की क्लॉकचा वेग कमी-जास्त करता येतो. वाचन चुकत असेल तर वेग कमी करून पाहणे हा पहिला उपाय असतो, आणि काळ्या बोर्डावर तो करता येत नाही.

घरात मोठा रास्पबेरी पाय पडून असेल तर नवे काही घेण्याची गरज नाही. त्याचे पायही ३.३ व्होल्टचेच आहेत आणि एसपीआय (अशा चिपांशी बोलण्याची जोडणी) चालू केले की फ्लॅशरॉम त्यावरूनच चालवता येतो. एफटी२३२एच या आयसीवरचे बोर्डही चांगले. डेडीप्रॉगसारखे व्यावसायिक प्रोग्रामर रोज दहा लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्याला परवडतात; वर्षातून एकदा हे काम करणाऱ्याने त्यात पैसे घालू नयेत.

१.८ व्होल्टच्या चिपसाठी केवळ वीज १.८ करून भागत नाही. डेटाच्या तारांचे व्होल्टेजही उतरवणारा लेव्हल शिफ्टर लागतो. बाजारात ‘१.८ व्होल्ट अडॅप्टर’ या नावाने मिळणाऱ्या पट्टीवर तो बसवलेला असतो. ती पट्टी प्रोग्रामर आणि क्लिप यांच्यामध्ये लावायची असते, आणि तिच्यावर १ क्रमांकाची बाजू कोणती हे ठळक लिहिलेले नसेल तर मल्टिमीटरने तारा तपासून स्वतः खूण करून ठेवावी.

क्लिप

आता ज्या अवजाराबद्दल मला सर्वाधिक सांगायचे आहे ते. क्लिप म्हणजे कपड्याच्या चिमट्यासारखी स्प्रिंगची वस्तू. तिच्या जबड्यात प्रत्येक बाजूला चार दाते असतात आणि ते चिपच्या आठ पायांवर एकाच वेळी टेकायला हवेत. सात टेकले आणि आठवा अर्धवट टेकला तरी प्रोग्रामर काहीतरी वाचतोच. ते चुकीचे असते एवढेच, आणि चूक आहे हे स्क्रीनवर कुठेही दिसत नाही.

माझ्या पहिल्या एक्स२३०च्या वेळी मी प्रोग्रामरसोबत फुकट मिळालेली काळी क्लिप वापरली. ८ एमबीची चिप तीनदा वाचली आणि तिन्ही फाइलींचे एसएचए-२५६ (फाइलीच्या मजकुरावरून काढलेला ठसा; मजकूर तोच तर ठसाही तोच) वेगवेगळे आले. चौथ्यांदा वाचली, चौथे आले. चिपच बिघडली असावी असे वाटून मी हताश झालो. शेवटी क्लिप हातात घेऊन भिंगाखाली धरली तेव्हा दिसले की एका बाजूचा टोकाचा दाता इतर तिघांपेक्षा केसभर मागे सरकला होता, आणि जबड्याचे प्लॅस्टिक इतके मऊ होते की दाबले की दोन्ही बाजू किंचित तिरक्या होत होत्या. शिवाय सोबतची रंगीत पट्टीची तार हातभर लांब होती. पोमोनाची ५२५० क्लिप मागवली, आखूड तारा लावल्या, आणि त्याच चिपच्या पुढच्या तीन वाचनांचे एसएचए-२५६ अक्षर अन् अक्षर जुळले. चिप पहिल्यापासून ठणठणीत होती.

पोमोना ५२५० स्वस्त नाही. काळ्या प्रोग्रामरच्या कितीतरी पट तिची किंमत असते. तरीही मी तिचीच शिफारस करतो, आणि सोळा पायांच्या चिपसाठी तिच्याच जोडीच्या ५२५२ची. तिचे दाते सरळ रेषेत राहतात, जबडा वाकत नाही आणि शेकडो वेळा लावूनही स्प्रिंग सैल पडत नाही. बजेट खरोखरच कमी असेल तर साधी क्लिप घ्यावी, पण दुकानातच तिची तपासणी करावी. क्लिप उघडून दाते डोळ्यांच्या पातळीवर धरावेत आणि आठही टोके एका रेषेत आहेत का ते पाहावे. जबडा दाबून सोडावा आणि दोन्ही बाजू समांतर मिटतात का ते पाहावे. जवळ मल्टिमीटर असेल तर प्रत्येक दाता आणि त्याची तार यांच्यात जोडणी दाखवणारा आवाज येतो का, आणि शेजारच्या दोन दात्यांत तो येत नाही ना, हेही तपासावे. चांगला दुकानदार या तपासणीला हरकत घेत नाही.

क्लिप लावण्याचेही एक तंत्र आहे. चिपच्या पायांवर अनेकदा फ्लक्सचा किंवा वॉर्निशसारखा पातळ थर असतो; आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या जुन्या टूथब्रशने तो आधी पुसावा आणि पूर्ण वाळू द्यावा. चिपच्या एका कोपऱ्यात बारीक ठिपका किंवा खळगा असतो, तो १ क्रमांकाच्या पायाचा. क्लिपची लाल तार त्या बाजूला यायला हवी. क्लिप तिरकी न धरता वरून सरळ खाली दाबावी, जबडा सोडल्यावर बोटाने अगदी हलका झोल देऊन ती बसल्याचे जाणवून घ्यावे, आणि नंतर तिला हात लावू नये. तारांच्या वजनाने क्लिप ओढली जात असेल तर तारा शेजारी टेपने टेबलावर चिकटवाव्यात. एक्स२३०मध्ये चिपांवर पातळ काळ्या प्लॅस्टिकचे आवरण असते. ते फाडू नये, बाजूला वळवून ठेवावे आणि काम झाल्यावर परत बसवावे.

तारा आणि वीज

तारा दहा सेंटीमीटरच्या आसपास असाव्यात. तार जितकी लांब तितका क्लॉकचा संकेत विस्कटतो, आणि वेगाने वाचताना एखादी बिट चुकते. बाजारातल्या जम्पर वायर बहुधा २० सेंटीमीटरच्या असतात. १० सेंटीमीटरच्या, दोन्ही टोकांना भोक असलेल्या मागून घ्याव्यात. तारेचे टोक क्लिपच्या पिनेवर सैल बसत असेल तर ती तार बाजूला ठेवावी. अशा एका सैल तारेमुळे एक अख्खी संध्याकाळ जाते, आणि शोधताना शंका मात्र बाकी सगळ्यांवर घेतली जाते.

आठ पायांची ओळख एकदा पाठ करून ठेवली की काम सोपे होते: १ क्रमांकाचा पाय चिप निवडीचा, २ चिपकडून येणाऱ्या डेटाचा, ३ लेखनबंदीचा, ४ ग्राउंडचा, ५ चिपकडे जाणाऱ्या डेटाचा, ६ क्लॉकचा, ७ होल्डचा आणि ८ वीजपुरवठ्याचा. ३ आणि ७ हे पाय वरच्या व्होल्टेजवर असावे लागतात. मदरबोर्डवर ते बहुधा आधीच तसे ओढलेले असतात. सुटी चिप सॉकेटमध्ये न लावता तारांनी जोडून लिहीत असाल तर ते दोन्ही ३.३ व्होल्टला जोडावेत.

विजेबद्दल एक गोष्ट लक्षात घ्यावी. प्रोग्रामरने चिपला वीज दिली की ती अनेक मदरबोर्डांवर चिपपुरती थांबत नाही, त्याच ३.३ व्होल्टच्या वाटेवरचे इतर भागही ती ओढतात, चिपसेट अर्धवट जागा होतो, व्होल्टेज खाली बसते आणि चिप ओळखली जात नाही. क्लिप लावलेली असताना ८ क्रमांकाच्या पायावरचे व्होल्टेज मोजावे. ते ३ व्होल्टच्या खाली गेले असेल तर कारण हेच असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी ३.३ व्होल्टचा स्वतंत्र, चांगला वीजपुरवठा वापरून त्याचे आणि प्रोग्रामरचे ग्राउंड एकत्र जोडावे. काम सुरू करण्यापूर्वी चार्जर, मुख्य बॅटरी आणि घड्याळाची छोटी नाणेबॅटरी तिन्ही काढलेल्या असाव्यात.

क्लिप चालत नसेल तर

पोटाखाली संपर्क असलेल्या डब्ल्यूएसओएन चिपसाठी, आणि ज्या बोर्डावर चिप जागच्या जागी वाचताच येत नाही तिथे, चिप उतरवावी लागते. त्यासाठी हॉट एअर (गरम हवेचे सोल्डरिंग यंत्र), चांगला फ्लक्स आणि आसपासचे प्लॅस्टिक झाकायला कॅप्टॉन (उष्णता सोसणारी) टेप लागते. हे काम पहिल्यांदा आपल्या लॅपटॉपवर करू नये. भंगारातला एखादा मदरबोर्ड आणून त्याच्यावरच्या आठ पायांच्या आयसी दहा-पंधरा वेळा काढाव्या आणि बसवाव्यात. तांब्याची चकती न उखडता चिप उचलता येऊ लागली की मग खऱ्या कामाला हात घालावा. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी फक्त चिप उतरवणे आणि बसवणे दुरुस्तीवाल्याकडून करून घ्यावे, वाचन आणि लेखन स्वतः करावे. ही विभागणी मी अनेकांना सुचवतो, कारण मूळ मजकुराची प्रत आपल्याच हाती राहते.

चिप उतरवावी लागलीच तर त्याच प्रकारच्या दोन नव्या चिपा जवळ ठेवाव्यात, नवा मजकूर नव्या चिपवर लिहावा आणि जुनी चिप डबीत जपून ठेवावी. नव्या चिपा घेताना सावध असावे, कारण नाव पुसून दुसरे छापलेल्या चिपाही विकल्या जातात. ओळख क्रमांक (प्रोग्रामरने विचारल्यावर चिप स्वतः सांगते तो) पडताळून पाहावा. ३ व्होल्टच्या डब्ल्यू२५क्यू६४चा तो ईएफ ४० १७ असा येतो आणि १.८ व्होल्टच्या एफडब्ल्यूचा ईएफ ६० १७. पण क्रमांकावरही पूर्ण विश्वास ठेवू नये: चिपच्या क्षमतेइतकी यादृच्छिक मजकुराची फाइल बनवून ती पूर्ण लिहावी, पुन्हा वाचावी आणि दोन्ही तंतोतंत जुळतात का ते पाहावे.

स्थिर विजेची काळजी प्रत्येक ऋतूत सारखी नसते. कोकणात पावसाळ्यात हवाच इतकी दमट असते की ती फारशी साठत नाही, पण देशावर हिवाळ्यात आणि कोरड्या उन्हाळ्यात लोकरी कपडे किंवा सिंथेटिक सतरंजी यांपासून दूर बसावे आणि मनगटपट्टी वापरावी.

अवजारांची खरी परीक्षा

सगळी अवजारे जमली की ती भरवशाची आहेत की नाहीत हे लिहिण्यापूर्वीच ठरवता येते, आणि तेच करावे. फ्लॅशरॉमने चिप ओळखली का ते पाहावे. एकाच ओळख क्रमांकाच्या एकाहून अधिक चिपा त्याला माहीत असतील तर तो नावांची यादी देऊन निवड करायला सांगतो. तेव्हा चिपवर भिंगाने वाचलेले नावच द्यावे. मग चिप तीनदा वाचून तीन वेगळ्या फाइलींत साठवावी. दोन वाचनांच्या मध्ये क्लिप एकदा काढून पुन्हा लावावी, कारण आपल्याला क्लिपच्या पकडीचीही परीक्षा घ्यायची आहे. तिन्हींचे एसएचए-२५६ जुळायला हवेत.

जुळले म्हणून लगेच समाधान मानू नये. तिन्ही फाइली रिकाम्या असल्या तरी त्या जुळतातच. फाइलीचा आकार मोजावा: ८ एमबीची चिप असेल तर बरोबर ८३८८६०८ बाइट, ४ एमबीची असेल तर ४१९४३०४. मग हेक्स एडिटरमध्ये (फाइलीतले बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) फाइल उघडावी. सगळीकडे एफएफ किंवा सगळीकडे शून्य दिसले तर क्लिप टेकलेलीच नाही असे समजावे. एक्स२३०च्या ८ एमबीच्या फाइलीत सुरुवातीच्या सोळा बाइटनंतर ५ए ए५ एफ० ०एफ हे चार बाइट दिसायला हवेत. ती इंटेलच्या डिस्क्रिप्टरची खूण आहे. ती दिसली म्हणजे आपण योग्य चिप, योग्य दिशेने आणि नीट वाचली. ही फाइल आता दोन वेगळ्या ठिकाणी जपून ठेवावी आणि तिच्या नावात लॅपटॉपचे मॉडेल व तारीख घालावी. तिच्यात त्या एका लॅपटॉपचा नेटवर्क पत्ता असतो, म्हणून दुसऱ्याच्या लॅपटॉपमधून काढलेली फाइल तिची जागा घेऊ शकत नाही.

लिहिण्यासाठीची फाइलही चिपच्या क्षमतेइतकीच असावी. कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवलेली अपडेट फाइल पुष्कळदा बाहेरच्या वेष्टनासह येते आणि तिचा आकार चिपशी जुळत नाही. ती जशीच्या तशी चिपवर लिहिणे ही नेहमीची चूक आहे. फ्लॅशरॉम लिहून झाल्यावर स्वतःच पडताळणी करतो. पडताळणी चुकली तर घाबरून क्लिप ओढू नये आणि लॅपटॉप सुरू करून पाहूही नये. क्लिप नीट बसवून, जमत असेल तर क्लॉकचा वेग कमी करून, पुन्हा लिहावे. चिपमध्ये अर्धवट लिहिलेले असले तरी बाहेरून ती पुन्हा लिहिता येते.

पडताळणी बरोबर आली की क्लिप काढावी, पण लॅपटॉपचे सगळे स्क्रू लगेच लावू नयेत. बॅटरी बसवावी, कीबोर्डची पट्टी जोडावी आणि बटण दाबावे. नव्या फर्मवेअरसह पहिल्यांदा सुरू होताना मेमरीची जुळवणी होत असते, तेवढा वेळ स्क्रीन काळीच राहते. किमान दोन मिनिटे थांबावे आणि त्या दरम्यान बटण पुन्हा दाबू नये. दोन मिनिटांनंतरही काहीच दिसले नाही तर बॅटरी काढावी, क्लिप परत लावावी आणि जपून ठेवलेली मूळ फाइल लिहून पाहावी. मूळ फाइलीवर लॅपटॉप उठला तर अवजारे बरोबर आहेत आणि शोध नव्या फाइलीत घ्यायचा आहे.